प्रश्न उद्भवत नाही

विधिमंडळाचे अधिवेशन चालू असले की रोज तारांकित प्रश्नोत्तरांची छापील यादी निघते. ती वाचायची एकदा सवय लागली की वर्तमानपत्रातल्या बातमीपेक्षा तिचीच गोडी अधिक वाटू लागते. गावात गाजलेला खून असो, पतसंस्थेतला घोटाळा असो नाहीतर कोठडीतला मृत्यू, सगळे एकाच साच्यात ओतलेले असते. ‘(१) अमुक ठिकाणी अमुक घडले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ खाली मंत्रिमहोदयांचे उत्तर, तेही साच्यातलेच. ‘हे खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ यांच्या मधोमध ‘हे अंशतः खरे आहे’ अशी एक सोय असते. कोणता अंश खरा, ते ज्याने त्याने ताडायचे. आणि विलंबाची कारणे विचारणाऱ्या शेवटच्या उपप्रश्नापुढे ठरलेले वाक्य: ‘प्रश्न उद्भवत नाही.’

हे उत्तर मंत्री लिहीत नाहीत. प्रश्न विधानमंडळ सचिवालयातून मंत्रालयात गृह विभागाच्या संबंधित कार्यासनाकडे येतो, तिथून पोलीस महासंचालकांच्या कार्यालयात, तिथून आयुक्तालयात किंवा जिल्ह्याच्या अधीक्षकांकडे आणि शेवटी ज्या ठाण्यात गुन्हा दाखल झाला त्या ठाण्यात जाऊन पडतो. ठाण्यातून अहवाल निघतो आणि त्याच जिन्याने वर चढू लागतो. प्रत्येक पायरीवर एकेक वाक्य गळते. ठाण्याने लिहिलेले असते की संशयिताला दोनदा बोलावले, तो आला नाही, तिसऱ्यांदा बोलावण्याआधी तपास अधिकाऱ्याची बदली झाली. अवर सचिवांच्या टेबलावरून पुढे जाईपर्यंत त्याचे ‘तपास प्रगतिपथावर आहे’ झालेले असते. यात कोणी खोटे बोलत नाही, हे लक्षात घ्यायला हवे. खोटे बोलायचेच नाही म्हणून तर ही सगळी काटछाट.

कारण सभागृहात खोटे पकडले गेले तर ते अंगाशी येते. सभागृहाची दिशाभूल केली म्हणून हक्कभंगाची सूचना दाखल होऊ शकते, आणि तो धाक कागदावरचा नाही. मार्च २००८ मध्ये राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना हक्कभंगापायी विधानसभेने दोन दिवसांची कोठडी सुनावली आणि त्यांना आर्थर रोड तुरुंगात जावे लागले. घटनात्मक पदावरच्या माणसाची ही गत, तर गृह विभागातल्या उपसचिवाने जपून लिहिले यात नवल नाही. लक्षवेधीवर मंत्री उत्तर देत असताना अधिकारी दीर्घेकडे जरा पाहावे. पोलीस आणि मंत्रालयाचे अधिकारी मांडीवर फायली घेऊन बसलेले असतात, सदस्याने अनपेक्षित उपप्रश्न टाकला की चिठ्ठी लिहिली जाते, शिपाई ती मंत्र्यांच्या बाकापर्यंत नेतो. चिठ्ठी पोहोचेपर्यंत मंत्री ‘सन्माननीय सदस्यांच्या भावना मी समजू शकतो’ वगैरे म्हणत वेळ काढतात. अमेरिकेत ॲटर्नी जनरलला, एफबीआयच्या संचालकाला संसदीय समितीपुढे कॅमेऱ्यांसमोर बसवून तासन्‌तास फैलावर घेतात. आपल्याकडे तपास करणारा अधिकारी सभागृहात कधीच उभा राहत नाही. त्याच्या वतीने मंत्री बोलतात आणि त्याचा आवाज त्या चिठ्ठीपुरता. महाधिवक्त्यांना मात्र राज्यघटनेच्या १७७ व्या अनुच्छेदाने सभागृहात बोलण्याचा हक्क आहे, मत देण्याचा नाही.

चिठ्ठीनेही भागले नाही की बाहेर काढायचा हुकमी शब्द म्हणजे ‘न्यायप्रविष्ट’. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने अधिक भाष्य करणे उचित होणार नाही. ऐकणाऱ्याला वाटते, घटनेतच तशी मनाई असावी. घटनेचा २११ वा अनुच्छेद सांगतो ते वेगळे आहे: सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने कर्तव्य बजावताना केलेल्या वर्तनाची चर्चा विधिमंडळात करायची नाही. न्यायप्रविष्टतेचे बंधन सभागृहांनी कामकाजाच्या नियमांतून स्वतःवर घालून घेतलेले आहे. लोकसभेचा ३५२ वा नियम पाहा. ज्या वस्तुस्थितीवर न्यायालयाचा निर्णय व्हायचा आहे तिचा उल्लेख सदस्याने करू नये, एवढाच त्याचा आशय. म्हणजे वार कोणी केला, पैसे कोणी खाल्ले, यावर सभागृहाने निकाल देऊ नये. ते योग्यच आहे. पण पंचनाम्याला दोन दिवस का लागले, सरकारी वकिलाची नेमणूक सहा महिने का रखडली, ठाण्यातले सीसीटीव्ही नेमके त्याच रात्री बंद कसे होते, या प्रश्नांवर कोणत्याही न्यायालयात निकाल व्हायचा नसतो. ते कारभाराचे प्रश्न आहेत आणि कारभाराचा जाब विचारायला तर सभागृह असते. शिवाय संसदीय प्रथेत फौजदारी प्रकरण साधारणपणे आरोपपत्र दाखल झाल्यापासून न्यायप्रविष्ट धरतात. आपल्याकडे एफआयआरची शाई वाळण्याआधी तो शब्द वापरात आलेला असतो.

तरीही काही प्रकरणे सभागृहात फुटतातच, आणि त्याचे कारणही घटनेतच आहे. १९४ व्या अनुच्छेदाने आमदाराला सभागृहातल्या भाषणाबद्दल न्यायालयात खेचता येत नाही. ४४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या ‘३६१-अ’ने त्या कामकाजाचे खरेखुरे, दुष्ट हेतूशिवाय केलेले वृत्त छापणाऱ्या वर्तमानपत्रालाही संरक्षण मिळाले. विधान भवनाच्या पायऱ्यांवर जे बोलले तर अब्रुनुकसानीची नोटीस येईल ते आत बोलता येते आणि दुसऱ्या दिवशी छापताही येते.

२०२१ चे मार्च अधिवेशन आठवा. २५ फेब्रुवारीला मुंबईत एका उद्योगपतीच्या घराजवळ स्फोटके ठेवलेली गाडी सापडली. त्या गाडीशी संबंध असलेल्या ठाण्याच्या व्यापाऱ्याचा मृतदेह ५ मार्चला मुंब्र्याच्या खाडीत मिळाला. त्याच दिवशी विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस विधानसभेत या प्रकरणावर बोलत होते, त्या व्यापाऱ्याच्या जिवाची काळजी व्यक्त करत होते. पुढचे काही दिवस दुसरे कामकाज जवळजवळ झालेच नाही. गुन्हे शाखेतले अधिकारी सचिन वाझे यांचे नाव सभागृहात घेतले गेले, मृताच्या पत्नीचा जबाब मांडला गेला, कॉल रेकॉर्डचा हवाला दिला गेला आणि हा रेकॉर्ड विरोधी पक्षाकडे आला कुठून, यावरून बाके वाजली. गृहमंत्री अनिल देशमुख आधी तपासाचा हवाला देत राहिले. १० मार्चला त्यांनी विधिमंडळात वाझे यांना गुन्हे शाखेतून हलवत असल्याचे जाहीर केले. १३ मार्चला एनआयएने वाझेंना अटक केली.

इथपर्यंत सगळे सभागृहाच्या चौकटीत होते. पुढचा स्फोट सभागृहाबाहेर झाला. १७ मार्चला मुंबईचे पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांची बदली झाली. ती नेहमीची बदली नाही, काही अक्षम्य चुका झाल्या आहेत, असे देशमुख दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्राच्या कार्यक्रमात मुलाखतीत बोलून गेले. २० मार्चला सिंग यांचे मुख्यमंत्र्यांना लिहिलेले पत्र बाहेर आले. त्यात गृहमंत्र्यांवर महिन्याला १०० कोटींच्या वसुलीचा आरोप होता, जो देशमुखांनी फेटाळला. ५ एप्रिलला उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशी करायला सांगितले आणि त्याच दिवशी देशमुखांनी राजीनामा दिला. आरोपांचे खरेखोटे न्यायालये बघतील. मला यातला एकच तपशील इथे हवा आहे. विधिमंडळात विरोधक तुटून पडले होते तेव्हा जे वाक्य गृहमंत्र्यांच्या तोंडून निघाले नाही, ते मुलाखतीच्या मऊ खुर्चीत सहज निघाले.

हे एकट्या देशमुखांचे वैशिष्ट्य नाही. तपास यंत्रणा, सरकारी वकील, गृहखाते या सगळ्यांचीच ही रीत झाली आहे. सभागृहात चुकीचे बोलल्याला किंमत मोजावी लागते, तिथे हात आखडता. कॅमेऱ्यापुढे किंमत जवळजवळ शून्य, तिथे हात सैल.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मटण बिर्याणीचे. २००९ मध्ये अजमल कसाबचा खटला आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात न्या. एम. एल. टहलियानी यांच्यापुढे चालू होता. बाहेर साने गुरुजी मार्गावर वाहिन्यांच्या गाड्यांची रांग आणि रोजचे कामकाज संपले की विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांच्यापुढे माइकांची झुंबड. रक्षाबंधनाच्या दिवशी कसाबच्या डोळ्यांत पाणी आले, अशी बातमी वाहिन्यांवर सुरू झाली. त्याला बहिणीची आठवण आली असेल का, यावर चर्चा रंगू लागल्या. निकम बाहेर आले आणि त्यांनी पत्रकारांना सांगितले की कसाबने तुरुंगात मटण बिर्याणी मागितली आहे. झाले! अश्रू मागे पडले आणि बिर्याणी पुढे आली. सरकार दहशतवाद्याला बिर्याणी खाऊ घालते, हे वाक्य पुढे कितीतरी वर्षे प्रचारसभांतून फिरत राहिले. मार्च २०१५ मध्ये जयपूरच्या एका परिषदेनंतर निकम यांनी स्वतःच सांगून टाकले की कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती आणि सरकारने दिलीही नव्हती. त्याच्या बाजूने तयार होणारे भावनिक वातावरण मोडायला ती आपण रचलेली गोष्ट होती.

निकम यांच्या अडचणीचा विचार करायला हवा, म्हणजे प्रश्नाची खोली कळते. १६६ माणसे मारली गेलेल्या हल्ल्याचा खटला, बाहेर चोवीस तास चालणाऱ्या वाहिन्या, आणि गप्प बसलेल्या वकिलाच्या जागी उद्या दुसऱ्या कोणाचा तरी अंदाज बातमी म्हणून चालणार हे उघड. अशा वेळी बातमीला बातमीने उत्तर द्यावेसे वाटणे समजू शकते. पण सरकारी वकील हा पक्षकाराचा भाडोत्री वकील नव्हे. त्याचे काम शिक्षा मिळवून देणे नसून खरे ते न्यायालयापुढे ठेवणे, असे आपली न्यायालये वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. न्यायालयात त्याने असे एक विधान केले असते तर न्यायाधीशांनी तिथल्या तिथे पुरावा मागितला असता. रस्त्यावर कोणी मागितला नाही. आणि मला राहून राहून वाटते ते हे, की बिर्याणीची गरजच नव्हती. सीएसएमटीवरची छायाचित्रे होती, चित्रीकरण होते, साक्षीदार होते. खटला पुराव्यावर उभा होता आणि पुराव्यावरच निकाल लागला.

गंमत म्हणजे त्याच प्रकरणात सरकारला गप्प बसता येते हेही दिसले. ५ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. २१ नोव्हेंबरला सकाळी साडेसातला येरवड्यात फाशी झाली. तोवर देशभरातल्या एकाही वाहिनीला सुगावा नव्हता. फाशीनंतर दिल्लीत सुशीलकुमार शिंदे आणि मुंबईत आर. आर. पाटील यांनी ते जाहीर केले. म्हणजे ज्याला ‘सूत्रांनी दिलेली माहिती’ म्हणतात ती बहुतेक वेळा गळत नाही, सोडली जाते. नळ घट्ट बंद करता येतो.

पोलिसांच्या पत्रकार परिषदेचे असेच. ऑगस्ट २०१८ मध्ये एल्गार परिषदेच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी वेगवेगळ्या शहरांतून पाच जणांना अटक केली. सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्याच दिवशी त्यांना आपापल्या घरात स्थानबद्ध ठेवायला सांगितले. प्रकरण खऱ्या अर्थाने न्यायप्रविष्ट होते, तेही देशाच्या सर्वोच्च न्यायालयात. तरी ३१ ऑगस्टला राज्याच्या अतिरिक्त महासंचालकांनी मुंबईत पत्रकार परिषद घेतली आणि जप्त केल्याचे सांगितलेल्या पत्रांतले मजकूर वाचून दाखवले. हे अतिरिक्त महासंचालक म्हणजे परमबीर सिंगच, पत्रांशी त्यांचा योग जुना दिसतो. मुंबई उच्च न्यायालयाने विचारले, प्रकरण न्यायप्रविष्ट असताना पोलीस हे करूच कसे शकतात. २८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने स्वतंत्र तपास पथकाची मागणी नाकारली, पण वेगळा निकाल देणाऱ्या न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्या पत्रकार परिषदेवर कडक ताशेरे ओढले. इथे न्यायप्रविष्ट हा शब्द कोणाच्या तोंडून आला ते पाहा. पोलिसांच्या नव्हे, न्यायमूर्तींच्या.

नियम नाहीत म्हणून असे होते म्हणावे, तर तेही नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने १ एप्रिल २०१० रोजीच पोलिसांच्या माध्यम-धोरणाची सूचना राज्यांना पाठवली आहे. नेमलेल्या अधिकाऱ्यानेच बोलावे. पहिल्या ४८ तासांत घटना घडली आणि गुन्हा दाखल झाला यापलीकडे फारसे सांगू नये. पुढे अटक, आरोपपत्र, निकाल अशा टप्प्यांवर माहिती द्यावी, मत देऊ नये. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुशांतसिंह राजपूत मृत्यू प्रकरणातल्या वार्तांकनावर सविस्तर निकाल दिला. त्यात तपास यंत्रणांना सांगितले की तपासाची गुप्तता पाळा, माध्यमांना सगळे सांगायला तुम्ही बांधील नाही. याचिका करणाऱ्यांत निवृत्त पोलीस अधिकारीच होते, हेही विसरू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला पोलिसांच्या पत्रकार परिषदांसाठी तीन महिन्यांत मार्गदर्शक तत्त्वे तयार करायला सांगितले.

या नियमांमागे भावना नाही, पुराव्याचा हिशेब आहे. ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे पत्रकार परिषदेतले सर्वांत आवडते वाक्य घ्या. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याचे २५ वे कलम तेच सांगत होते आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे २३ वे कलमही तेच सांगते. तिच्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग उपयोगी. म्हणजे मथळ्यात जे सर्वांत वजनदार असते ते न्यायालयात जवळपास बिनवजनाचे. दुसरे उदाहरण तर रोज डोळ्यांसमोर असते. अटकेतल्या माणसाला न्यायालयात नेताना त्याच्या डोक्यावरून काळा बुरखा घातलेला असतो. लोकांना वाटते त्याची अब्रू झाकली. खरे कारण ओळख परेड. साक्षीदाराने तुरुंगात दहा जणांच्या रांगेतून हा चेहरा स्वतःच्या आठवणीवर ओळखायचा असतो. तोच चेहरा त्याने आदल्या रात्री टीव्हीवर पाहिला तर बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि परेड वाया जाते. एका हाताने बुरखा घालायचा आणि दुसऱ्या हाताने आरोपीचा फोटो व्हॉट्सॲपवर सोडायचा, असे झालेलेही दिसते.

माध्यमांमुळे नुकसानच होते, असेही नाही. मस्साजोगच्या सरपंचांची हत्या ९ डिसेंबर २०२४ ची. त्या महिन्यात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात गदारोळ झाला, मुख्यमंत्र्यांनी सभागृहात विशेष तपास पथक आणि न्यायालयीन चौकशी जाहीर केली, बीडच्या पोलीस अधीक्षकांची बदली केली. सभागृहाचे काम सभागृहाने केले. मात्र ज्यांचे निकटवर्तीय या प्रकरणात आरोपी होते त्या मंत्र्यांचे काय, यावर तीन महिने तपासाकडे बोट दाखवले जात होते. ३ मार्च २०२५ ला आरोपपत्रातली हत्येची छायाचित्रे बाहेर आली. दुसऱ्या दिवशी धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला, कारण प्रकृतीचे सांगितले. छायाचित्रे फिरावीत का, मृताच्या घरच्यांनी ती मोबाइलवर पाहावीत का, याचे उत्तर मला ‘नाही’ असेच वाटते. पण जे लक्षवेधी आणि चर्चांनी झाले नाही ते चोवीस तासांत झाले, हेही खोडता येत नाही.

सभागृहात मंत्र्यांनी ‘चौकशी करू’ म्हटले की पुढचा शब्द नीट ऐकावा. ‘समिती’ म्हणाले की ‘आयोग’? कानाला दोन्ही सारखेच, कायद्यात जमीन-अस्मानाचा फरक. १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली आयोग नेमला तर त्याचा अहवाल, त्यावर काय कार्यवाही केली याच्या टिपणासह, सहा महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे ठेवावाच लागतो. शासन निर्णय काढून समिती नेमली तर असे कोणतेही बंधन नाही. २६/११ नंतर नेमलेली राम प्रधान समिती या दुसऱ्या प्रकारातली. अहवाल एप्रिल २००९ मध्ये सरकारच्या हाती आला. जूनमध्ये सभागृहात आला तो फक्त कार्यवाहीचा अहवाल, मूळ अहवाल गोपनीय म्हणून कपाटात. तो मजकूर माध्यमांतून बाहेर यायला लागला तेव्हा कुठे डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात अहवाल पटलावर ठेवला गेला.

न्या. बी. एन. श्रीकृष्ण आयोग पहिल्या प्रकारातला. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करायला जानेवारी १९९३ मध्ये नेमला, सरकार बदलल्यावर जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला, मे महिन्यात कार्यकक्षा वाढवून पुन्हा उभा केला. न्यायमूर्तींनी अहवाल १६ फेब्रुवारी १९९८ रोजी दिला. तेव्हापासून वर्तमानपत्रे आणि विरोधक विचारत होते, अहवाल कुठे आहे. उत्तर ठरलेले, अभ्यास चालू आहे. सहा महिने १६ ऑगस्टला भरत होते. सरकारने तो ६ ऑगस्टला विधिमंडळात ठेवला, सोबत त्याचे मुख्य निष्कर्ष आपल्याला मान्य नसल्याचे टिपण जोडून.